ताटातलं यंत्र

माणूस एखादी वस्तू कशी उघडतो यावरून नव्हे, तर काम झाल्यावर ती कशी मिटवून ठेवतो यावरून त्याची खरी पारख होते. हे वाक्य माझं आहे. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभात मी ते तीनदा वापरलं आणि तिन्ही वेळा टाळ्या मिळाल्या. त्यातल्या एका सत्कारमूर्तीला स्वतःची छत्रीही धड मिटवता येत नसे. ज्यांच्यावरून मला हे वाक्य सुचलं त्या सेतुरावांचा मात्र निरोपसमारंभ झालाच नाही. त्यांचं पद तात्पुरतं होतं, आणि तात्पुरत्या माणसाला निरोप देण्याची तरतूद नियमांत नव्हती.

पन्नासच्या दशकात माझी बदली कऱ्हाडहून मद्रासला झाली. आमचं कार्यालय गिंडीच्या पलीकडे, लष्कराने सोडलेल्या एका लांबलचक बराकीत होतं. युद्धाच्या काळात मद्रासभोवतीच्या बऱ्याच जमिनी लष्कराने सरावासाठी घेतल्या होत्या. एन्नोरची वाळू, वेलचेरीची भातशेती, श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवरची माळरानं. आता त्या मूळ मालकांना परत द्यायच्या होत्या; पण त्याआधी जमिनीत न फुटलेला तोफगोळा उरलेला नाही, असा दाखला लागे. तो दाखला देणारे आम्ही. कार्यालयात साहेब होते, हेडक्लार्क होते, माझ्यासारखे कारकून होते, शिपाई होते, एक पंखा ओढणारा होता आणि विजेचे पंखे बसल्यावरही तो होता. गोळे शोधणारं यंत्र मात्र एकच होतं, लष्कराने जाताना मागे ठेवलेलं. ते हाताळणारा माणूसही एकच. सेतुराव.

त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं की हे पद ‘सदर उपकरण चालू स्थितीत असेपर्यंत’ राहील. दर ऑक्टोबरात साहेबांनी एका कागदावर सही करायची आणि सेतुरावांना आणखी एक वर्ष मिळायचं. यंत्र बंद पडलं की सेतुराव बंद. अशी त्यांनी बारा वर्षं काढली होती. आम्ही बाकीचे पेन्शनीला बांधलेले होतो. हा एकटा माणूस आपल्या हातातल्या वस्तूला बांधलेला होता.

ते तंजावरचे मराठी. पूर्वज राज्याबरोबर तिकडे गेले आणि राज्य गेल्यावर परत यायचं राहून गेलं. त्यांच्या मराठीत ‘सांगितलं’चं ‘सांगटलं’ होई आणि ‘सगळं’ हे ‘अस्कं’. मधूनमधून तमिळ, आणि सगळ्याला तमिळचा हेल. मी नुसता जोशी. पण त्यांच्या समाजात प्रत्येक पुरुषाच्या नावामागे ‘राव’ असल्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवशीच जोशीराव करून टाकलं. मला राव म्हणणारा आयुष्यात तेवढाच एक माणूस भेटला.

पहिल्या दिवशीचं त्यांचं पहिलं वाक्य मात्र आदराचं नव्हतं.

“जोशीराव, पट्टा काढा.”

मी दचकलो. ते माझ्या कमरेकडे बोट दाखवत होते.

“का म्हंजे, ह्याला लोखंड आवडतं. तुमचं बक्कल दिसटलं की हे गोळा विसरतं.”

सेतुरावांच्या अंगावर गुंजभरही धातू नसे. उंच, वाळका माणूस. कोटाला कापडाची बटणं, चष्म्याची शिंगाची फ्रेम दोऱ्याने बांधलेली, चपला खिळे न मारता शिवून घेतलेल्या. घड्याळ नाही, वेळ रस्त्यात विचारत. किल्ल्या नाहीत; तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांची किल्ली बायकोकडे. लग्नातली अंगठीसुद्धा त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात उतरवून दिली होती. सावित्रीअक्कांनी ती स्वतःच्या मंगळसूत्रात ओवून घेतली. “ह्यांचं लग्न आता हुडक्याशी झाटलं,” असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. तक्रारीचा सूर नव्हता, माहिती म्हणून.

हुडक्या हे यंत्राचं नाव. हुडकतो तो हुडक्या. त्याच्या भागांनाही सेतुरावांची नावं होती. जमिनीवर फिरवायची ती गोल लाकडी चकती, आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असलेली, म्हणजे ताट. ते ज्याला लावायचं ती तीन तुकड्यांची दांडी. पाठीवरच्या पिशवीत बॅटऱ्या आणि काचेचे व्हॉल्व्ह असत ते पोट. डोक्यावर चढवायचे ते कान, आणि हे सगळं जोडणारी वायर म्हणजे शेपूट. हे सुटं करायचा क्रम ठरलेला होता आणि तो ते दर वेळी पुटपुटत:

“आधी पोट रिकामं, मग कान, मग शेपूट, मग ताट, शेवटी दांडी.”

जोडताना उलट. पोटात बॅटरी असताना ताट सोडवलं तर आतलं काहीतरी जळतं, असं ते सांगत. शेपूट कोपरावर दोरीसारखी गुंडाळलेली त्यांना चालत नसे. मोठे सैल वेढे घालून, वर वजन न ठेवता, झोपवायची. प्रत्येक भागाला पेटीत आपापला खण, आत हिरवी बनात. मद्रासची खारी हवा लोखंडाच्या आधी तांब्याला खाते, म्हणून ताटाच्या खणात भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडी असे. तांदूळ दमट हवा पितात. सावित्रीअक्का दर शुक्रवारी मूठभर तांदूळ कोरडे भाजून देत आणि जुने कावळ्यांना घालत. ताटाच्या झाकणाचे स्क्रूसुद्धा काढून सेतुरावांनी बांबूच्या खुंट्या बसवल्या होत्या. “ताटांत परकं तांबं नोको,” ते म्हणत, “घरांत दुसरी बायको आणटल्यासारखं होतं.”

एन्नोरला पॅसेंजर गाडीने जावं लागे. पोट पाठीवर, पेटी बाकाखाली आणि ताट कांबळ्यात गुंडाळून मांडीवर. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा डब्यात उभं राहायला जागा नव्हती. सेतुराव दारात म्हणाले, “कोंजम वीणै इरक्कु.” जरा वीणा आहे. चार माणसं उठली. एका बाईने पदराने बाक पुसला.

मी विचारलं, “सरकारी यंत्र आहे असं का नाही सांगितलं?”

“सांगटलों होतों एकदां,” ते म्हणाले. “एन्नोरपर्यंत उभा राहटलों.”

समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, यंदाच्या संगीतसभांत कुठे वाजवणार? सेतुरावांनी गंभीरपणे सांगितलं की आम्ही फक्त वाळूत वाजवतो, ऐकणारा एकटाच असतो. म्हाताऱ्याने हात जोडले. त्याला तो वेदान्त वाटला असावा.

ते विनोदी होते असं यावरून वाटेल. कामावर ते अत्यंत कंटाळवाणे होते. वेलचेरीला एका शेतकऱ्याच्या तीन खाचरांची तपासणी होती. तेव्हाच्या साहेबांना चारला परत फिरायचं होतं, कारण त्यांना टेनिस होतं. सेतुराव दोरी लावून पट्ट्या आखत आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर चार बोटं चढवत. चारला साहेब म्हणाले, “पुरे झालं.”

“वीत राहटली, सार.”

“एका वितीने काय होतं?”

सेतुराव ताट फिरवत राहिले. त्या वितीतच त्यांचे कान वाजले. ते गुडघ्यावर बसले आणि बांबूच्या कामटीने कडेकडेने माती सरकवू लागले. अर्ध्या तासाने गोळ्याची गंजलेली पाठ दिसली. आम्ही सगळे बांधापलीकडे धावलो. त्यात साहेब सर्वांत पुढे होते. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘मी स्वतः आग्रह धरून उर्वरित भाग तपासून घेतला.’ तो अहवाल मी टाइप केला. सेतुरावांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, “सेरी, ठीक. इंग्लिश चांगलं आहे.”

ते साहेब गेले आणि मेजरसाहेब आले.

मेजरसाहेब आमच्याकडचे, चांगल्या घरातले, मिशीला जपणारे. युद्धाचा बहुतेक काळ ते कोठाराच्या हिशेबावर होते; पदकं मात्र सगळी होती. सूत्रं हाती घेण्याच्या दिवशी ती लावूनच आले आणि यंत्राची पाहणी करायला म्हणून ताटापाशी वाकले. हुडक्या असा किंचाळला की सेतुरावांनी कान काढून फेकले.

“काय झालं?” मेजरसाहेबांनी विचारलं.

“कांही नाहीं, सार. हुडक्या म्हणतो, आपल्यापाशीं दारूगोळा आहे.”

कोणी हसलं नाही. मी तर खिडकीबाहेर पाहिलं. मेजरसाहेबांनी पहिला हुकूम काढला तो पदकांबद्दल नव्हता, भाषेबद्दल होता. हुडक्या हा शब्द कार्यालयाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. यापुढे ‘यंत्र’ म्हणावं. सेतुरावांना त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं, “तुमचं मराठी म्हणजे रसमात बुडवून ठेवलेली पुरणपोळी. महाराजांच्या वंशजांच्या गावचे ना तुम्ही? शुद्ध बोला जरा.”

“बोल्तों, सार,” सेतुराव म्हणाले.

अडचण एवढीच होती की सेतुरावांच्या घरी यंत्र हा शब्द आधीच कामाला लागलेला होता. देव्हाऱ्यात तांब्याचा पत्रा असतो, त्यावर रेघा आणि अक्षरं कोरलेली असतात, ते यंत्र. त्यांच्या तीन पिढ्यांना दुसरं यंत्र माहीत नव्हतं. ते साहेबांसमोर ‘यंत्र’ म्हणत आणि पाठ वळली की जीभ चावून ‘हुडक्या’ म्हणत. मला गंमत वाटे. दोन्ही मराठी समजणारा कार्यालयात मी एकटाच होतो, आणि ही करमणूक फुकट होती.

त्या वर्षी मेजरसाहेबांनी दिल्लीहून सचिवांना बोलावलं. एन्नोरच्या वाळूत प्रात्यक्षिक, मांडव, हार, फोटोग्राफर. दिवस विजयादशमीचा धरला. आदल्या दिवशी मद्रासच्या रिवाजाप्रमाणे आयुधपूजा. त्या दिवशी इथे सुतार करवत पुजतो, बसवाला बस पुजतो, आणि कारकून टाइपरायटरला गंध लावतो. हुडक्याची पूजा दर वर्षी सेतुराव एकटेच कोपऱ्यात करत: सगळे भाग सुटे करून केळीच्या पानावर क्रमाने मांडायचे, लांबून फूल वाहायचं, गंध लावायचं नाही, कारण गंध ओलं असतं. यंदा ती मेजरसाहेबांनी आपल्या हाती घेतली. शास्त्रींना बोलावलं. शास्त्रींनी तळहाताएवढं तांब्याचं यंत्र सिद्ध करून आणलं. मेजरसाहेबांनी घरून चांदीचं ताट आणलं, त्यात नारळ, विडे, फुलं.

आरती झाली. साहेब जायला निघाले. सेतुराव पानावरच्या हुडक्यापाशी बसले होते. तांब्याचं यंत्र शास्त्रींनी त्यांच्याच हातात दिलं होतं. मेजरसाहेब दारातून म्हणाले:

“सेतुराव, ते यंत्र ताटात ठेवा.”

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा मनात उलगडून पाहिलं आहे. शुद्ध मराठीत त्यात काहीही चूक नाही. पण सेतुरावांच्या घरी जेवण पानावर होई आणि पूजेच्या ताटाला ते तमिळप्रमाणे तांबाळम म्हणत. ताट त्यांच्या जगात एकच होतं.

“ताटांत, सार?”

“ताटातच. मग काय जमिनीवर ठेवता?”

“ताट बिघडेल की, सार.”

“एवढ्याशा तांब्याने ताट बिघडतं? काहीतरीच तुमचं.”

“किती दिवस ठेवूं?”

“किती दिवस म्हणजे? कायम. देवाची वस्तू आहे, कोणी काढायची नाही. आणि हो, तुमचा मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. उद्याचं झालं की सही करतो.”

ते आपल्या खोलीकडे गेले. सेतुरावांनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग माझ्याकडे.

“जोशीराव, साहेब काय सांगटले, तुम्ही ऐकटलांत ना?”

ऐकलं होतं. समजलंही होतं, दोन्ही बाजूंनी. साहेबांची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथपर्यंत जाऊन ‘साहेब, तुमचं ताट वेगळं आणि यांचं वेगळं’ एवढं म्हणायचं होतं. पण व्हरांडा लांब होता, माझी गाडी पाच-वीसची होती, आणि साहेबांना त्यांच्या शब्दांचा अर्थ सांगायला जाणं मला कधीच लाभलेलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटलं, बघू तरी काय होतं.

“साहेबांनी सांगितलं तसं करा,” मी म्हणालो.

सेतुरावांनी बांबूच्या चार खुंट्या काढल्या. झाकण उचललं, यंत्र डोळ्यांना लावलं, दोन वेटोळ्यांच्या मधोमध ठेवलं आणि झाकण बसवलं. बारा वर्षं ज्या ताटाजवळ त्यांनी टाचणी येऊ दिली नाही, त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने तांबं घातलं. खुंट्या ठोकताना त्यांनी डोळे मिटले होते. ते भक्तीने की कशाने, मी विचारलं नाही. गाडी मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी ते मांडवात सर्वांच्या आधी आले होते आणि मुठीवरचं बटण इकडेतिकडे फिरवून आवाज दाबायचा प्रयत्न करत होते. दबत नव्हता. सचिव आले. हार झाले. मेजरसाहेबांनी ‘जमिनीच्या पोटातल्या शत्रूशी झुंज’ या विषयावर भाषण केलं. वाळूत एका ठिकाणी रिकामा गोळा पुरून वर खूण म्हणून शिंपला ठेवला होता. तो मेजरसाहेबांनाच दिसावा अशी सोय होती. सेतुराव पुढे झाले.

हुडक्या वाळूवर ओरडला. शिंपल्यावर ओरडला, शिंपल्यापासून दूर नेल्यावर ओरडला, हवेत धरल्यावर ओरडला. सचिवांनी स्वतः कान लावून पाहिले, आणि इंग्रजीत हसून विचारलं की सगळं एन्नोर लोखंडाचं आहे की काय? फोटोग्राफर हसला. कोळीवाड्यातून बघायला आलेली माणसं, काही न कळताही, हसली.

मेजरसाहेबांची मिशी थरथरली. “काय झालंय याला?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“ताटांत यंत्र आहे ना, सार,” सेतुराव तितक्याच हळू म्हणाले.

“ताटात यंत्र आहे हे मला माहीत आहे! शिपायाने घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलंय ताट, त्याचं इथे काय?”

“घरीं नाहीं, सार. इथेंच आहे. आपणच सांगटलांत.”

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय बरळतोय हा?”

माझ्यासमोर या वेळी व्हरांडासुद्धा नव्हता. दोन पावलांचं अंतर होतं. पण सचिव ऐकत होते, आणि सचिवांसमोर साहेबांच्या चुकीचा अर्थ लावणारा कारकून फार वर्षं कारकूनही राहत नाही. “उन्हामुळे असेल, साहेब,” मी म्हणालो.

मेजरसाहेब सचिवांकडे वळले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले की उपकरण फार जुनं झालेलं आहे, ते मोडीत काढण्याची शिफारस आपण करणारच होतो. सचिवांनी तिथल्या तिथे मान्यता दिली. ‘तत्पर निर्णय,’ असं त्यांनी भेट-पुस्तकात लिहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी सेतुराव अंघोळ करून, काही न खाता आले. कोपऱ्यात बसून त्यांनी खुंट्या काढल्या, यंत्राला नमस्कार केला, ते बाहेर काढून केळीच्या पानात गुंडाळलं आणि ताट मिटवलं. मग मला म्हणाले, “जोशीराव, तुमची टाकाची निब बाहेर फेका. मला सांगूं नका कुठें.”

मी फेकली. आवारात गुडघाभर गवत होतं. ते कान लावून गेले आणि सात-आठ मिनिटांत निब घेऊन आले.

आता मात्र मी व्हरांडा चालत गेलो. मेजरसाहेबांना सगळं सांगितलं: कोणतं ताट, कोणतं यंत्र, काय झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकदा तर त्यांच्या मिशीखाली हसू आल्यासारखं वाटलं.

“म्हणजे आता चालतंय?”

“उत्तम चालतंय, साहेब.”

“वाईट झालं,” ते म्हणाले. “जोशी, यंत्र बिघडलंय हे सचिवांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तसं लिहून दिलंय. आज ते चालू आहे म्हणून कळवलं, तर सचिव खोटे पडतात.”

“पण सेतुरावांचं पद—”

“पद उपकरणाला आहे. मी माझ्या मनाने काही करत नाही, पत्रात तसं लिहिलंय.” त्यांनी टेबलावरचा मुदतवाढीचा कागद मला परत दिला. सहीची जागा कोरी होती. “आणि त्याला सांगा, शुद्ध बोलायला शिकला असता तर ही वेळ आली नसती.”

हे शेवटचं मी सेतुरावांना सांगितलं नाही. माझ्या सौजन्याचा तेवढाच एक पुरावा माझ्याकडे आहे. त्यांनी लेखी खुलासा द्यावा असं मी सुचवलं आणि इंग्रजी मसुदा करायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की ‘यंत्र ताटात ठेवलं’ याचं इंग्रजी जे होतं, ते वाचून कुणीही सेतुरावांना वेड्याच्या इस्पितळात पाठवलं असतं. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, ‘उपकरणाच्या जुनेपणामुळे.’ त्यांनी सही केली.

“अस्कं बरोबर लिहटलांत ना?”

“बरोबर,” मी म्हणालो.

पुढे राहिलेल्या जमिनींचे दाखले आम्ही टेबलावरूनच दिले. ‘तपासणीअंती’ हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा टाइप केला आहे. त्या जमिनींत पुढे कोणाचा नांगर कशाला लागला का, मला ठाऊक नाही. अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. वर्तमानपत्रात वेलचेरी किंवा एन्नोर असं नाव दिसलं की मी पान उलटतो.

यंत्राचा लिलाव दोनेक महिन्यांनी झाला. सेतुरावांचं पद तोपर्यंत संपलं होतं; पण यंत्र सुटं करून कसं द्यायचं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे त्यांना निरोप पाठवावा लागला. ते आले. तोच कोट, त्याच चपला. आता घड्याळ घालायला हरकत नव्हती, पण दारातल्या शिपायालाच त्यांनी वेळ विचारली. मी उठून उभा राहिलो. ते कोणासाठी, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

“आधी पोट रिकामं,” ते पुटपुटले. बॅटऱ्या काढल्या. मग कान. मग शेपटीचे सैल वेढे. ताट सोडवून फडक्याने पुसलं. दांडीचे तीन तुकडे. एकेक भाग आपापल्या खणात बसला. खिशातून त्यांनी एक पुरचुंडी काढली आणि ताटाजवळ ठेवली. ती अजून कोमट होती. त्या दिवशी शुक्रवार होता.

भंगारवाला हे सगळं बिडी ओढत पाहत होता. पेटीचं झाकण लागल्यावर तो तमिळमध्ये म्हणाला, “आजोबा, यादीत पेटी नाही. नुसतं यंत्र आहे.”

सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी पाहिली. यादी मीच केली होती. पेटी चांगली होती, म्हणून ती ‘वापरण्याजोगे लाकडी सामान’ या सदरात राहिली होती.

त्यांनी पेटी पुन्हा उघडली. भंगारवाल्याने गोणपाटाचं पोतं पसरलं. सेतुरावांनी एकेक भाग त्याच क्रमाने उचलला आणि पोत्यात ठेवला. शेपूट ठेवताना वेढे मोडू नयेत म्हणून त्यांनी पोत्याचं तोंड दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. तांदळाची पुरचुंडी सर्वांत वर ठेवली. भंगारवाल्याने ती काढून परत दिली, पोत्याला गाठ मारली आणि ते सायकलच्या कॅरियरवर आपटलं. आतून काच फुटल्याचा बारीक आवाज आला.

“आस्ते,” सेतुराव म्हणाले. इतकंच.

सायकल चालू झाली. आवारातला रस्ता खड्ड्यांचा होता. सेतुराव सायकलबरोबर चालत निघाले, एक हात पोत्याखाली लावून, वेलचेरीला बैलगाडीने यंत्र नेताना ते चालत तसे. फाटकापाशी भंगारवाला पेडल मारून पुढे निघून गेला, आणि ते तसाच हात पुढे धरून थोडा वेळ उभे राहिले. मग दुसऱ्या हातातली पुरचुंडी सोडून त्यांनी तांदूळ कावळ्यांना टाकले आणि उजवीकडे वळले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

पेटी चालू स्थितीत असल्याचा शेरा मी नोंदवहीत मारला. तिच्यात मेजरसाहेबांचे चहाचे कप राहू लागले. आत बनात असल्यामुळे एकही फुटला नाही. पेटीसाठी पद मंजूर नव्हतं.